दुकानातील मांजरमाशांची खरी ओळख

परसातील चार-सहा टाक्यांत शोभेचे मासे वाढवून ते शहरातील दुकानदारांस विकणे, हा शेतीला पूरक असा जोडधंदा आपल्या राज्यातील काही शेतकरी कुटुंबांनी पत्करला आहे. ह्या धंद्याला जागा थोडी लागते, टाकीतून काढलेले पाणी भाजीपाल्याला देता येते, आणि घरातील स्त्रियांना व शिकत्या मुलांनाही त्यात लक्ष घालता येते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा समावेश करण्यात आला. ह्या धंद्यात रोगराईपासून व बिघडलेल्या पाण्यापासून होणाऱ्या नुकसानीची माहिती पुष्कळांना असते. परंतु चुकीच्या नावाने विकत घेतलेल्या माशापासून होणाऱ्या नुकसानीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मांजरमाशांच्या बाबतीत तर ही चूक वारंवार घडते. म्हणून दुकानात नेहमी आढळणारे मांजरमासे कसे ओळखावेत, ह्याची माहिती ह्या लेखात देण्याचे योजिले आहे.

एका शेतकऱ्याची हकीकत

गेल्या उन्हाळ्यात एका गावी शेततळ्यांची पाहणी करीत असता तेथील एका शेतकऱ्याने मला आपल्या परसात नेले. सिमेंटच्या दोन टाक्यांत त्याने वीस मासे पाळले होते. वर्षापूर्वी जवळच्या शहरातील एका दुकानातून ‘ब्रिसलनोज’ ह्या नावाने त्याने ते आणले, तेव्हा ते करंगळीएवढे होते. ब्रिसलनोज हा लहान चणीचा, टाकीतच सहज अंडी घालणारा मांजरमासा असून त्याच्या पिलांना दुकानदारांकडून चांगली मागणी असते. ह्या शेतकऱ्याने टाक्यांत मातीच्या नळ्या मांडल्या, काकडीच्या चकत्या व विकतचे खाद्य वेळच्या वेळी घातले, पाणी बदलले. वर्ष उलटले. मासे वीतभर लांब झाले व नळ्यांत मावेनासे झाले. परंतु अंड्यांचा पत्ता नव्हता.

“साहेब, हे नुसते खातात आणि वाढतात,” तो म्हणाला. “घरची मंडळी म्हणतात, आता गावतळ्यात सोडून द्या, बिचारे जगतील तरी.”

मी एक मासा काचेच्या बरणीत घेण्यास सांगितले. माशाने पाठीवरचा पर उभारला, तो शिडासारखा उंच व रुंद होता. शेतकऱ्याच्या धाकट्या मुलीला मी परातील काड्या मोजावयास लावल्या. पुढचा जाड काटा सोडून तिने बारा काड्या मोजल्या. ब्रिसलनोजच्या परात काट्यामागे सामान्यतः सातच काड्या असतात. तेव्हा हे मासे ब्रिसलनोज नव्हतेच. दक्षिण अमेरिकेतील टेरिगॉप्लिक्थिस ह्या वंशाचे, हातभर वाढणारे आणि काठच्या मातीत बिळे करून त्यांत अंडी घालणारे ते मोठे ‘सकर’ मासे होते. सिमेंटच्या टाकीत त्यांच्यापासून पिलांची अपेक्षा करणे व्यर्थ होते.

“म्हणजे आणले त्याच दिवशी मोजल्या असत्या, तर कळले असते?” त्याने विचारले.

कळले असते. एका वर्षाचे खाद्य, श्रम व आशा ही सर्व त्या मोजणीने वाचली असती. आणि घरच्या मंडळींच्या दयाळूपणामुळे गावतळ्यावर जे संकट येऊ घातले होते, त्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

चुकीचे नाव कोठून येते?

ह्यात प्रत्येक वेळी दुकानदाराची लबाडी असते असे समजू नये. आपल्याकडील दुकानांत येणाऱ्या शोभिवंत माशांचा मोठा भाग चेन्नईजवळील कोळत्तूर व कोलकात्याचा परिसर येथील संवर्धकांकडून घाऊक व्यापाऱ्यांमार्फत येतो, तर काही मासे परदेशांतून आयात होतात. एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जाताना मूळ नाव गळून पडते व सोयीचे नाव चिकटते. पिले लहान असताना अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात. रानातल्या ओढ्यानाल्यांतून पकडलेल्या माशांत तर दोन-तीन जाती मुळातच मिसळलेल्या असतात.

शिवाय नाव देणाऱ्या शास्त्राच्याही आधी मासा बाजारात पोचतो, असे अनेकदा घडले आहे. दक्षिण अमेरिकेतील चिलखती मांजरमाशांच्या इतक्या अनोळखी जाती व्यापारात येऊ लागल्या की, १९८८ साली एका जर्मन मत्स्यविषयक नियतकालिकाने त्यांना नावांऐवजी क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. ती पद्धत पुढे जगभर रूढ झाली. ज्याच्या अंगातून काटे आरपार दिसतात तो ‘काचमासा’ आपल्या दुकानांतही मिळतो. हा थायलंडकडील मासा कित्येक दशके ‘क्रिप्टोप्टेरस बिसिर्हिस’ ह्या दुसऱ्याच एका जातीच्या नावाने विकला जात होता. तो स्वतंत्र जातीचा असल्याचे शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले व त्याला ‘क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस’ असे नाव दिले. तेव्हा टाकीवरच्या चिठ्ठीवरील नाव हे केवळ विक्रेत्याचे म्हणणे होय. खरा पुरावा माशाच्या अंगावर असतो.

मांजरमासा म्हणजे कोणता?

प्रथम मांजरमाशांची सामान्य लक्षणे ध्यानात घेऊ. रोहू, कटला, मृगळ ह्यांच्या अंगावर जसे खवले असतात, तसे मांजरमाशाच्या अंगावर नसतात. त्याची कातडी उघडी व बुळबुळीत असते किंवा तिच्यावर हाडांच्या फलकांचे चिलखत असते. तोंडाभोवती मिशा असतात. त्यांची संख्या व लांबी वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळी असते. बहुतेक जातींत पाठीवरील व छातीवरील परांच्या आरंभी एकेक ताठ काटा असतो, आणि तो उभारून मासा अडकवून ठेवू शकतो. म्हणूनच असा मासा जाळीत गुंतला तर त्याला ओढून काढू नये. पुष्कळ जातींत पाठीवरच्या परामागे, शेपटीच्या अलीकडे, एक लहानसा मांसल उंचवटा असतो. त्याला मेदपर म्हणतात.

म्हणजे तपासणीच्या वेळी पाच गोष्टी पाहावयाच्या: अंग उघडे की चिलखती, मिशांच्या जोड्या किती, पाठीवरचा पर आखूड की लांब व त्यात काड्या किती, मेदपर आहे की नाही, आणि डोके व पोट ह्यांवरील ठिपक्यांची ठेवण. रंग मात्र सर्वांत शेवटी पाहावा. कारण वय, पाण्याचा गढूळपणा, टाकीचा तळ व भीती ह्यांमुळे तो पालटतो.

‘सकर’ नावाखाली काय काय मिळते?

काच साफ करणारा मासा म्हणून ‘सकर’ किंवा ‘प्लेको’ मागितला असता दुकानात निदान चार प्रकारचे मासे हाती पडण्याचा संभव असतो.

पहिला म्हणजे वर सांगितलेला टेरिगॉप्लिक्थिस. ‘प्लेको’ हे नाव मुळात हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस ह्या जातीवरून आले; तिचे शास्त्रीय नामकरण लिनीअसने १७५८ साली केले होते. परंतु आज त्या नावाने विकले जाणारे बहुसंख्य मासे टेरिगॉप्लिक्थिस वंशाचे असतात. दोहोंतील फरक पाठीवरच्या परात आहे. हायपोस्टोमसमध्ये काट्यामागे सामान्यतः सात काड्या असतात, तर टेरिगॉप्लिक्थिसमध्ये नऊ किंवा त्याहून अधिक, बहुधा दहा ते तेरा, असतात. टेरिगॉप्लिक्थिसच्या जाती पोटावरील नक्षीवरून वेगळ्या करतात. पोटावर सुटे काळे ठिपके असल्यास ती बहुधा ‘पार्डालिस’ जाती, आणि ठिपके एकमेकांस जुळून वळ्यावळ्यांच्या रेषा झाल्या असल्यास ‘डिस्जंक्टिव्हस’ जाती समजतात. मात्र ह्या दोहोंचे संकर होत असल्याने मधल्या नक्षीचे मासेही पुष्कळ आढळतात. शेतकऱ्याला जातीचा हा निर्णय करण्याची आवश्यकता नाही. काड्या नऊ किंवा त्यापुढे भरल्या की मासा मोठा होणारा आहे व तो परसातील टाकीच्या उपयोगाचा नाही, एवढे कळणे पुरे.

दुसरा म्हणजे खरा ब्रिसलनोज, अर्थात अँसिस्ट्रस वंशाचा मासा. हा साधारणपणे बारा ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याचे डोके रुंद व चपटे असते आणि नाकाडाची कड चिलखताविना मऊ असते. प्रौढ नराच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मांसल शिंगोट्या येतात, त्यांवरून तो सहज ओळखू येतो. पिलांना त्या नसतात, म्हणून पिले घेताना काड्या मोजण्यावाचून गत्यंतर नाही. ह्याची मादी कपारीत किंवा नळीत अंडी घालते व नर त्यांची राखण करतो.

तिसरा म्हणजे ‘ओटो’, अर्थात ओटोसिंक्लस वंशातील बोटाच्या दोन पेरांएवढा नाजूक मासा. त्याच्या अंगाच्या बाजूने एक काळसर पट्टा जातो. तो चार-पाच सेंटिमीटरहून मोठा होत नाही. ‘ओटो’ ऐन वाढीत दहा सेंटिमीटरचा झाला, तर तो ओटो नव्हे हे निश्चित समजावे.

चौथा मासा तर मांजरमासाच नव्हे. ‘चायनीज अल्गी ईटर’ म्हणून विकला जाणारा गायरिनोकायलस हा कार्पवर्गीय माशांचा दूरचा नातलग होय. त्याचे तोंडही चोखणीसारखे असल्यामुळे फसगत होते. परंतु नीट पाहिल्यास त्याच्या अंगावर खवले दिसतात, त्याला मिशा नसतात, मेदपरही नसतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाजवळ वरच्या बाजूस पाणी आत घेण्याचे एक जादा छिद्र असते, आणि टाकीत तो स्थिर बसला असता तेथे होणारी जलद हालचाल दिसते. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाल्यावर मात्र तो भांडखोर बनतो आणि संथ व चपट्या अंगाच्या माशांच्या अंगावरील बुळबुळीत थर खरवडून त्यांना जखमी करतो. एंजलसारख्या माशांच्या अंगावर विनाकारण चट्टे पडू लागले, तर औषध घालण्यापूर्वी टाकीत हा मासा नाही ना, हे पाहावे.

ठिपके की रेषा?

तळाची वाळू मिशांनी उकरीत फिरणारे, अंगावर फलकांच्या दोन रांगा असलेले लहान मासे ‘कोरी’ ह्या नावाने ओळखले जातात. त्यांच्यापैकी ‘ज्युली कोरी’ला विशेष मागणी असते. परंतु ह्या नावाने विकले जाणारे बहुतेक मासे ज्युली नसून ‘ट्रायलिनिएटस’ नावाच्या, पेरू व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील जातीचे असतात. खरा ज्युली ईशान्य ब्राझीलमधील असून तो बाजारात क्वचितच येतो. दोहोंच्या कुशीवर काळा पट्टा असतो व पाठीवरच्या परावर काळा डाग असतो. फरक डोक्यावर आहे. ज्युलीच्या डोक्यावरील ठिपके सुटेसुटे असतात, तर ट्रायलिनिएटसच्या डोक्यावरील ठिपके जुळून नकाशावरील वाटांसारख्या वेड्यावाकड्या रेषा तयार होतात.

ही चूक तळ्याला घातक नाही. तरीही ज्याला पिले विकावयाची आहेत त्याने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दोन जाती एका टाकीत राहिल्या की संकराचा संभव उत्पन्न होतो, आणि माहीतगार ग्राहक एकदा फसला की पुन्हा त्या संवर्धकाच्या दारी येत नाही. शास्त्रीय नावेही बदलत असतात हे येथे सांगून ठेवले पाहिजे. २०२४ साली कोरिडोरस ह्या जुन्या वंशाची अनेक वंशांत विभागणी सुचविण्यात आली आणि वरील दोन्ही जाती ‘हॉप्लिसोमा’ वंशात गेल्या. त्यामुळे नव्या पुस्तकातील नाव निराळे दिसल्यास गोंधळून जाऊ नये. माशाच्या डोक्यावरील ठिपके बदललेले नाहीत.

‘शार्क’ आणि ‘मागूर’

रुपेरी अंगाचा, काळसर पट्ट्यांचा व सतत धावपळ करणारा एक लहान मासा ‘शार्क’ म्हणून विकला जातो. समुद्रातील शार्कशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. तो पंगास, म्हणजे पँगॅसिॲनोडॉन हायपॉफ्थॅल्मस होय. आपल्या जलाशयांतील पिंजऱ्यांत खाण्यासाठी वाढविला जातो तोच हा मासा. त्याला मिशांच्या दोनच जोड्या असतात, पाठीवरचा पर आखूड व मेदपर लहान असतो. मूळचा तो मेकाँग व चाओ फ्राया ह्या मोठ्या नद्यांचा रहिवासी असून मीटरभराहून अधिक वाढू शकतो. दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत त्याला ठेवणे म्हणजे बैलाला खुराड्यात बांधण्यासारखे आहे.

सर्वांत अधिक सावधगिरी ‘मागूर’ ह्या नावाबाबत बाळगली पाहिजे. आपला देशी मागूर, ज्याला आता क्लॅरिअस मागुर म्हणतात व जुन्या पुस्तकांत क्लॅरिअस बॅट्राकस असे म्हटलेले आढळते, हा संकटग्रस्त मासा आहे. त्याच्याच नावाने आफ्रिकेतील क्लॅरिअस गॅरिपिनस हा मासा विकला जातो. त्यालाच व्यवहारात ‘थाई मागूर’ म्हणतात. शोभेच्या माशांच्या दुकानांत पांढऱ्या रंगाचे मागूरही दिसतात. रंग पांढरा असल्याने त्यांची जात ओळखणे आणखी अवघड होते, म्हणून असे मासे घेऊच नयेत. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी आनुवंशिक तपासणीच्या आधारे केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. देशी मागूर म्हणून समजल्या जाणाऱ्या माशांच्या जागी आफ्रिकी मासा फार मोठ्या प्रमाणात येऊन बसला असल्याचे त्यात आढळून आले.

दोहोंना मिशांच्या चार जोड्या असतात, पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत लांब असतो, व मेदपर नसतो. देशी मागूर तपकिरी किंवा काळपट, बहुतांशी एकसारख्या रंगाचा असतो. आफ्रिकी माशाच्या पाठीवर व कुशीवर करड्या-काळ्या रंगाचे संगमरवरासारखे डाग असतात, पोट पांढरट असते, व मोठ्या माशाच्या डोक्याखाली दोन्ही बाजूंस काळसर पट्टे दिसतात. देशी मागूर हातभरही क्वचितच होतो. आफ्रिकी मासा मीटरभराहून लांब होतो व इतर माशांना, त्यांच्या पिलांना व बेडकांना सर्रास खातो. आफ्रिकी मागूराच्या संवर्धनावर भारत सरकारने २००० साली बंदी घातली, आणि त्याचे साठे नष्ट करण्याविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली आदेश दिला. तेव्हा ‘मागूर’ ह्या नावाखाली तो घरी आणणारा शेतकरी नकळत कायद्याच्या कचाट्यातही सापडतो.

मागूराच्या पिलांत कधी कधी शिंगी, म्हणजे हेटेरोप्नॉस्टिस फॉसिलिस, मिसळलेली असते. तिलाही मिशांच्या चार जोड्या असतात. पण पाठीवरचा पर अगदी लहान असतो, पोटाखालचा पर मात्र लांब असतो. शिंगीच्या छातीच्या परांतील काटे विषारी असून त्यांचा दंश अत्यंत वेदनादायक असतो. ती हाताने कदापि उचलू नये. काटा लागलाच तर तो भाग भाजणार नाही अशा, सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा व डॉक्टरांकडे जावे.

चुकीचा मासा उघड्या पाण्यात गेला तर

घरच्या टाकीत मोठा झालेला मासा मारवत नाही, म्हणून तो नदीत, विहिरीत किंवा तळ्यात सोडण्याची आपल्या लोकांत प्रवृत्ती आहे. तिच्यामागील भावना चांगली असली, तरी परिणाम चांगला होत नाही. टेरिगॉप्लिक्थिस पोटाच्या साहाय्याने हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे घाण व प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो, आणि पाण्याबाहेरही कित्येक तास जिवंत राहतो. त्याच्या चिलखतामुळे त्याला खाणारे फारसे कोणी नाही. नर काठच्या मातीत खोल बिळे करतात. अशा बिळांमुळे काठ व बांध ढासळल्याची उदाहरणे अमेरिकेत व मेक्सिकोत नोंदलेली आहेत. मेक्सिकोतील इन्फिएर्निल्यो जलाशय एके काळी टिलापियाच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध होता. २००० नंतरच्या दशकात तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत टिलापियाऐवजी हेच काटेरी मासे मोठ्या प्रमाणात येऊ लागले, जाळी फाटू लागली, आणि अनेकांच्या पोटावर पाय आला.

आपल्या देशातही हा मासा परका राहिलेला नाही. तिरुवनंतपुरमच्या चाक्कै कालव्यात, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातील मत्स्यतळ्यांत, आंध्र प्रदेश व तेलंगणातील जलाशयांत तो आढळला आहे. आपल्या राज्यात उजनी जलाशयातील मच्छीमारांनाही तो जाळ्यांत मिळाला आहे. ह्या सर्व पाण्यांत तो दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेला नाही. दुकानातून घरात व घरातून पाण्यात, हीच त्याची वाट होय.

मागूरवर्गीय माशांच्या बाबतीत अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याचा अनुभव बोलका आहे. थायलंडकडून शोभेसाठी आणलेले मागूरवर्गीय मासे १९६० च्या दशकात तेथील संवर्धन केंद्रांतून निसटले. हे मासे ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातात. थोड्याच वर्षांत ते दक्षिण फ्लॉरिडात सर्वत्र पसरले, आणि तेथील मत्स्यसंवर्धकांना आपल्या तळ्यांभोवती कुंपणे घालण्याची वेळ आली.

खरेदी करताना काय करावे?

१. दुकानात जाताना झाकणाची पारदर्शक बरणी व भिंग बरोबर न्यावे. मासा बरणीत घेऊन बाजूने व खालून पाहावा. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते मोठे करून पाहिल्यास लहान पिलाच्या परातील काड्याही मोजता येतात.

२. नाव विचारण्याऐवजी, मासा पूर्ण वाढल्यावर किती लांब होतो, कोठून आणला व काय खातो, हे विचारावे. विक्रेत्याला ह्यांची उत्तरे देता येत नसतील, तर त्याने दिलेल्या नावावर विसंबू नये.

३. पिलांच्या टाकीत पूर्ण वाढलेला मासा नसेल व मासे पैदाशीसाठी घ्यावयाचे असतील, तर शक्य तो एखाद्या संवर्धकाकडून, त्याचे जननक्षम नर-मादी प्रत्यक्ष पाहून घ्यावेत.

४. पावतीवर माशाचे शास्त्रीय नाव व संख्या लिहून घ्यावी. लेखी नाव देताना विक्रेताही काळजी घेतो, आणि पुढे तक्रार करावयाची झाल्यास आधार राहतो.

५. आणलेले मासे दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. ह्या काळात रोगाची पारख होते व ओळखही निवांतपणे पटवता येते. ते पाणी शेततळ्यात न ओतता झाडांना घालावे.

६. शेततळ्यासाठी मत्स्यबीज किंवा बोटुकली घेताना शोभेच्या माशांच्या दुकानाचा आश्रय करू नये. ती मान्यताप्राप्त बीज केंद्रातूनच घ्यावी.

चुकीचा मासा घरी आलाच तर तो प्रथम दुकानदाराला परत करावा. त्याने नाकारल्यास पुरेशी मोठी टाकी असलेल्या एखाद्या जबाबदार पाळणाऱ्यास द्यावा. दोन्ही मार्ग बंद झाल्यास तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. आफ्रिकी मागूराचा संशय असेल, तर तो परत करण्याच्या किंवा कोणाला देण्याच्या भरीस न पडता थेट ह्या कार्यालयाला कळवावे. मासा आधीच शेततळ्यात गेला असल्यास उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवून तळ वाळू द्यावा, काठाची बिळे उकरून पाहावीत, आणि तळ्याचे पाणी ओढ्याला सोडताना निर्गमावर बारीक जाळी बांधावी.

आरंभी ज्याची हकीकत सांगितली त्या शेतकऱ्याने आपले मासे गावतळ्यात सोडले नाहीत. दुकानदाराने बरीच कुरकुर करून त्यांपैकी आठ परत घेतले. उरलेले बारा मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या सल्ल्याने नष्ट करून परसात खोल पुरले. वर्षभर सांभाळलेली जनावरे पुरताना घरातील कोणालाच बरे वाटले नाही. दिवाळीनंतर तो पुन्हा शहरात गेला व सहा ब्रिसलनोज घेऊन आला. ह्या खेपेस त्याने मुलीला बरोबर नेले होते. तिने सहाही माशांच्या काड्या दुकानातच मोजल्या, आणि प्रत्येकाच्या सात भरल्यावरच त्याने पैसे दिले.